लसीच्या रांगेत सासूबाई

माझ्या सासूबाई कधी मोकळं हसत नसत. जेवताना सासरे काही गमतीचं बोलले, सगळे खो खो हसायला लागले, की या तोंडाला पदर लावून उठायच्या आणि आत जायच्या. लग्न होऊन आर्णीच्या घरात आले तेव्हाच मी ठरवून टाकलं, बाई खडूस आहे. माणसं ओळखण्यात मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजायची.

मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. पहाटे कळा सुरू झाल्या आणि सुटका झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. शेवटचे तीन तास तर नुसता जोर लावत होते. मुलगी झाली. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, ‘पहिलटकरीण असून हूं की चूं केलं नाही पोरीनं.’ मीही ते कौतुक मिरवून घेतलं.

मग एक दिवस शिंकले आणि कपडे ओले झाले. खोकले, पुन्हा तेच. मुलीला उचललं, तरी तेच. कोणाला सांगणार? मी पाणी पिणंच कमी केलं. घडी करून वापरलेली फडकी पोरीच्या लंगोटांमध्ये लपवून वाळत घालू लागले.

रजा संपत आली होती. नोकरी यवतमाळला, जाणं-येणं एसटीनं. कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. सरकारी खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यावर यायची आणि एसटी त्यात तास-तास अडकून पडायची. तिथं बसल्या जागी माझं काय होईल? घरच्यांशी भांडून मिळवलेली ती नोकरी. पण राजीनामा लिहून मी पर्समध्ये ठेवला. नवऱ्याला सांगितलं, पोरीला माझ्याशिवाय करमणार नाही. अडीच महिन्यांच्या पोरीला! त्याला ते पटलंसुद्धा.

पोरीला लस द्यायला सरकारी दवाखान्यात सासूबाई सोबत आल्या. तिथली सिस्टर प्रत्येकीला विचारत होती.

“पहिलं ना तुमचं? जोर किती वेळ लावला?”

“तीन तास.”

“खोकलं-शिंकलं का लघवी सुटते काय?”

मागेपुढे बायका, भिंतीशी दोघीचौघींचे नवरे. मी म्हणाले, “नाही.”

“मले सुटते,” मागून आवाज आला.

सासूबाई! खांद्यावर नात, चेहरा लालबुंद.

“मोठा पोरगा झाला तवापासून. दीड दिवस अडली होती मी. सत्तावीस वर्सं झाले. अन् इलेही सुटते. पानी पेत नाही पोरगी. दोरीवरचे फडके दिसतात न मले.”

‘लघवी’ हा शब्द ज्या बाईनं घरात कधी उच्चारला नव्हता, तिनं आपली सत्तावीस वर्षांची झाकली मूठ भर रांगेत उघडली. कोणासाठी? तर तिला खडूस समजणाऱ्या सुनेसाठी. मला रडूच आलं.

सिस्टरनं दोघींना आत बसवलं. म्हणाली, “बाळाचं डोकं लई वेळ खाली अडून राह्यलं का तिथले स्नायू ताणल्या जातात. सगळ्याइले नाही होत, पण होते. लघवी अडवतो न आपण, तसं आवळायचं, दहा मोजायचं, सोडायचं. रोज. अन् पानी प्या.”

घरी येऊन राजीनामा फाडला. रोज दुपारी आम्ही दोघी तुरीची डाळ निवडत बसायचो आणि सासूबाई दहा मोजायच्या. पुढे गाड्यांच्या रांगेत एसटी अडकली की मी खिडकीशी बसून एकटीच मोजायची. चार-पाच महिन्यांत माझा त्रास गेला. त्यांचा अर्धाच गेला.

एकदा जेवताना सासऱ्यांनी नातीच्या रडण्याची नक्कल केली. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. सासूबाई उठतील म्हणून मी बाजूला सरकून वाट दिली. त्या उठल्या नाहीत. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत राहिल्या.

“आई?” मी हळूच विचारलं.

“सुटली थोडी,” माझ्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या. “सुटू दे. सत्तावीस वर्सं उठूनच गेली मी. आता पुरं हसू दे.”