दाबली म्हणजे काय केलं

कर्जतच्या इंग्रजी शाळेत दत्तोपंत टिपणीस बरीच वर्षं इंग्रजी शिकवत होते. अंगानं किरकोळ, डोक्याला लाल पगडी, आवाज बेताचा. वर्गात ते छडी आणत नसत. मुलगा क्रियापद चुकला की त्याच्या वाक्याचं सरळ मराठी करून ते त्यालाच मोठ्यानं वाचायला लावत. एकानं जांभई ‘क्वेल’ केली असं लिहिलं होतं. त्याला वाचावं लागलं, ‘मी माझ्या जांभईचं बंड मोडून काढलं.’ पुन्हा तो शब्द त्यानं जांभईपाशी नेला नाही.

आपल्या ‘दाबणं’ या एका शब्दासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत, हा पंतांच्या आवडीचा धडा. शिंक दाबली की ‘स्टायफल’. मनातलं दुःख आतल्या आत ढकललं की ‘रिप्रेस’. उगारलेला हात आवरला की ‘रिस्ट्रेन’. सांगायचं ते सांगितलंच नाही, तर ‘विथहोल्ड’. विस्तवावर माती लोटून त्याची हवा तोडली, तर ‘स्मदर’. तान्ह्या मुलाच्या तोंडावर गोधडी पडून ते गुदमरलं, तरी तोच शब्द. आणि ‘सप्रेस’ बंडाला चालतो, वर्तमानपत्राला चालतो, पुराव्याला चालतो. ‘म्हणूनच तो धोक्याचा,’ पंत सांगत. ‘काय दाबलं ते शेजारी स्पष्ट लिहा. नुसतं इट लिहू नका.’

सव्वीस सालच्या उन्हाळ्यात कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या राखीव रानात वणवा लागला आणि सागाची एक उतरण जळाली. खालच्या वाडीतला पोशा कातकरी ठेकेदारासाठी कोळशाची भट्टी लावत असे. रानाच्या शिपायानं फिर्याद दिली की आग पोशाच्या भट्टीतल्या ठिणगीनं लागली आणि त्यानं ती गोष्ट लपवली. शिपायानं स्वतः काही पाहिलं नव्हतं.

प्रांतसाहेबांचा मुक्काम तेव्हा कर्जतला होता. साहेब विलायतेहून नुकताच आलेला, मराठी कच्चं. नेहमीचा दुभाषा तापानं पडला, म्हणून शिरस्तेदारांनी पंतांना बोलावलं. पंत लगेच गेले. अलिबागच्या कोर्टात दुभाष्याची जागा होणार होती, त्यांनी अर्ज केला होता, आणि शिफारस याच साहेबाची लागणार होती.

कचेरीत पोशा उभा राहिला. दोन्ही तळहातांना पाला बांधलेला. साहेबानं विचारलं, आगीचं कळल्यावर तू काय केलंस?

पंतांनी मराठीत विचारलं. पोशा म्हणाला, “दाबली मी.”

पंतांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, “ही सप्रेस्ड इट.”

साहेबाची लेखणी थांबली. “कुणापासून?” त्यानं विचारलं. पंतांनी ते पोशाला विचारलं, “कुणापासून?”

पोशाला वाटलं, आग कुणापासून लांब ठेवली ते विचारतायत. तो म्हणाला, “वाडीपासून.”

साहेबानं रागानं मान हलवली आणि लिहून घेतलं. त्याच्या हिशेबी कबुली झाली होती. निकाल दुपारनंतर द्यायचा ठरला.

बाहेर चिंचेखाली, उघड्या दारातून आतलं दिसेल अशी, पोशाची बायको चिंधी बसली होती. पंतांना पाहून ती उठली.

“मास्तर, तुमी सायबाला काय सांगितलंत?”

“तो म्हणाला तेच. दाबली म्हणून.”

“मंग सायेब रागं का भरला? आग दाबली, त्येच्यात रागाचं काय हाय?”

पंत घराकडे निघाले. चालता चालता त्यांनी आपलं वाक्य मनाशी मराठीत करून पाहिलं, आणि ते रस्त्यातच थांबले. त्यांच्या वाक्यात आग नव्हतीच. साहेबानं ‘इट’च्या जागी बातमी ठेवली होती.

घरी पान वाढलेलं होतं. पत्नी उमाबाईंनी काय झालं ते विचारलं, त्यांनी सांगितलं.

“मग जाऊन सांगा,” उमाबाई म्हणाल्या.

“सगळ्यांसमोर सांगावं लागेल.”

“चुकलातही सगळ्यांसमोरच ना?”

ते न जेवता उठले. कचेरीच्या दाराशी त्यांनी शिरस्तेदारांना चूक सांगितली, तसा शिरस्तेदारांनी त्यांचा हात धरला. “पंत, साहेबांनी लिहून घेतलंय. आता खोडायला लावाल तर अलिबाग विसरा.”

“मला कळतं ते,” पंत म्हणाले, आणि आत गेले.

साहेब बसताच त्यांनी उभं राहून सांगितलं, की सकाळचा शब्द चुकला. आरोपीनं बातमी दाबली नाही, आग दाबली. ‘सप्रेस’ नव्हे, ‘स्मदर’ म्हणायला हवं होतं.

“तुम्ही इंग्रजीचे शिक्षक ना?” साहेबानं विचारलं.

“हो. चूक माझी आहे. त्याची नाही.”

मागे कुणीतरी हसलं. साहेबानं पोशाला नीट विचारायला लावलं, आणि या खेपेला पंतांनी एकेक शब्द तोलून पुढे केला. आग गाडीवाटेकडून आली. वाडीच्या अंगानं उतरायला लागली तशी पोशानं ओल्या डहाळ्यांनी बडवली, हातांनी माती लोटली. शिपायाला का कळवलं नाही? “हात भाजलं हुतं. दुसऱ्या दिशी निघनार हुतो, तवर त्योच आला धरायला.” साहेबानं त्याला पाला सोडायला सांगितलं आणि तळहात पाहिले. मग सकाळचं वाक्य खोडलं. फिर्यादीपाशी दुसरा पुरावा नव्हता. पोशा सुटला.

अलिबागची जागा पेणच्या एका गृहस्थांना मिळाली. दुभाषा भरवशाचा नाही, असा शेरा साहेबानं दिल्याचं शिरस्तेदारांनी गावात सांगितलं. शाळेत मुलांनी पंतांचं नाव ‘इटमास्तर’ ठेवलं. ते त्यांच्या कानावर आलं. पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा त्यांनी पोशाची जबानी फळ्यावर लिहिली, खाली आपलं भाषांतर लिहिलं, आणि एका मुलाला त्याचं मराठी करून मोठ्यानं वाचायला सांगितलं. वर्ग हसला. पंतांनी पुढचं वाक्य घेतलं. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी त्यांनी तेच केलं.

त्यांची मुलगी प्रमोदिनी पुढे पनवेलला शिक्षिका झाली. अलिबागचं वाईट वाटतं का, असं तिनं एकदा विचारलं. “वाटतं की,” पंत म्हणाले. “जागा चांगली होती.”

पोशा त्यांना पुन्हा भेटला नाही. ठेकेदारानं भट्ट्या खोपोलीकडे नेल्या, तशी तो आणि चिंधी दोघंही तिकडे गेली. एकदा चिंधी कर्जतच्या बाजारात मीठ घेताना दिसली. पंत तोवर पगडी सोडून टोपी घालायला लागले होते. तिनं त्यांना ओळखलं नाही. डोक्यावरची मोळी सावरत ती वळली, तेव्हा पंत बाजूला झाले आणि तिला वाट दिली.