स्वयंपाकघरातला स्पीकर

आमच्या घरचे स्पीकर बाबांनी स्वतःच्या समजुतीने लावले होते. ते शेलूबाजारला हमाली करतात. तिथल्या एका दुकानदाराने नवा संच घेतला आणि जुना बाबांना देऊन टाकला. पाच छोटे स्पीकर, एक मोठा. चार बैठकीत बसले. मागचे दोन खरे तर ऐकणाऱ्याच्या पाठीशी हवेत. बाबांनी त्यातला एक ओसरीवर टांगला आणि एक स्वयंपाकघरात, गॅसच्या वर.

"असं नसते बाबा," मी म्हणालो होतो.

"काहून नसते? गाणं काय बैठकीत बसणाऱ्याइसाठीच हाये? तुही माय काय आयकन मंग?"

तेव्हा मला ते पटलं होतं.

वाशीमला कॉलेजात गेल्यावर मोबाइलवरच्या एका गटात शिरलो. सराउंडमध्ये, म्हणजे आवाज चहूबाजूंनी यावा असे बनवलेले गाण्यांचे अल्बम ऐकायचे, कोणता आवाज कुठून येतो, मागचे स्पीकर नीट वापरलेत की उगाच, हे लिहायचं आणि गुण द्यायचे. मीही लिहू लागलो. एकदा बैठकीत बसून ऐकायचो. मग मागचा आवाज ऐकायला स्वयंपाकघरात आईजवळ पाटावर बसायचो. दोन्ही मनात जुळवायचो आणि लिहायचो, 'कोरस पाठीमागून अलगद वर येतो.' माझ्या पाठीमागून काहीच येत नव्हतं. कोरस कढईच्या वरून येत होता, आणि आई पोळ्या लाटता लाटता त्याच्याबरोबर गुणगुणत असायची. लोकांना माझं लिहिणं आवडायचं, म्हणून हे सांगायचं राहून गेलं.

त्याच गटातला एक मुलगा माझ्याच वर्गात निघाला. वाशीमच्या एका जैन कापड दुकानदाराचा मुलगा. त्याच्या घरी ऐकण्यासाठी वेगळी खोली आहे. एका रविवारी तो म्हणाला, "नवा अल्बम आणून राह्यलो. तुह्याच घरी ऐकू. तुहे कान भारी हायेत."

नाही म्हणता आलं नाही.

तो यायच्या आधी मी दोन्ही स्पीकर काढले आणि बैठकीत खुर्च्यांच्या मागे भिंतीवर टांगले. आई कणीक मळत होती. मी खिळ्यावरून स्पीकर काढताना तिने पाहिलं. मग पुन्हा कणीक मळू लागली.

गाणं लागलं आणि पहिल्यांदा मला कोरस खरंच मागून ऐकू आला. मानेवर कुणी हळूच फुंकर घालावी तसा. फार सुंदर होतं. पण स्वयंपाकघरात नुसती भांडी वाजत होती, आणि माझे कान तिकडेच जात होते.

"मागच्याले किती देतं?" मित्राने विचारलं.

"आठ," मी म्हणालो. पूर्वीही आठच द्यायचो.

स्पीकर थोडा वळवावा म्हणून तो उठला. हात लावला आणि बोटं वर धरून हसला. "अबे, हे काय? भजे तळता काय याच्यात?"

फोडणीच्या वाफेने स्पीकर चिकट झाला होता. पुसायचं मला सुचलंच नव्हतं. माझे कान तापले.

आई चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, "म्याच पुसला बापू सकाळी. तेलाचं फडकं लागलं चुकून. समजत नाही मले त्यातलं."

"असू द्या काकू, माही मम्मीबी तसंच करते," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

तो गेल्यावर मी स्पीकर पुन्हा गॅसच्या वर लावला. "आई, तू काहून तसं म्हणाली?"

"मंग काय म्हणू? दोस्ताम्होरं तुले खाली पाहाले लावू?" तिने पोळी तव्यावर टाकली. "लाव आता गाणं."

मी लावलं. ती गुणगुणली नाही, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. त्या अल्बमबद्दल मी गटात अजून काही लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मित्राचा फोन आला. पुन्हा येतो म्हणाला. बोलणं संपवून मी आत गेलो तर गॅसच्या वरचा खिळा रिकामा होता. स्पीकर ओट्यावर होता, आणि आई साबणाच्या फडक्याने तो पुसत होती.

"घे," ती म्हणाली. "तुहा दोस्त येऊन राह्यला ना? काढून ठेवला म्या."