चिंचेच्या आळीतली रहाड

मोतीराम जेजुरकरांना सगळी चिंचेची आळी तात्या म्हणे. जुन्या नाशकातल्या त्या आळीत चौकाच्या तोंडाशी एक धर्मशाळा होती आणि तिच्या ओसरीवर तात्यांचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टोपल्या, ओली पोती आणि हार गुंफत बसलेल्या त्यांच्या पत्नी सरुबाई. सकाळी मळ्यातून आलेला झेंडू त्या ओसरीच्या दगडी फरशीवर दिवेलागणीपर्यंत ताजा राहायचा. समोरच्या पत्र्याच्या टपरीत तोच झेंडू दुपारीच मान टाकायचा. म्हणून ज्या कुणी ही धर्मशाळा बांधली असेल, त्याला तात्या रोज दुकान लावताना मनातल्या मनात नमस्कार करत.

माणूस मोठा भिडस्त. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. आळीतले लोक गावाला जाताना किल्ल्या त्यांच्याकडे ठेवत, पोपटाचा पिंजरा ठेवत, एकाने तर सासूलाच दिवसभर बसवून ठेवलं होतं. एकदा गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, लग्नाला आलेल्या वऱ्हाडात नवरीचा मामा पोचला नव्हता. ती मंडळी हार घ्यायला आली आणि तात्यांनाच घेऊन गेली. तात्या नवरीमागे मामा म्हणून उभे राहिले, पंगतीत जेवले आणि परत आल्यावर ‘पोरगी गुणाची आहे’ असं दोन दिवस सांगत होते. सरुबाई म्हणायच्या, उद्या कुणी यांना गंगेत उतरून पूर किती चढलाय ते बघायला सांगितलं, तर हे धोतर खोचून निघतील.

वर्षातला एक दिवस मात्र तात्यांचा असे. रंगपंचमीचा. धर्मशाळेसमोरच्या चौकाच्या पोटात रहाड आहे. रहाड म्हणजे पेशवाईतला दगडी हौद, दोन पुरुष खोल. वर्षभर तो लाकडी ओंडके आणि मातीखाली झाकलेला असतो. वर पोरं क्रिकेट खेळतात, मांडव पडतात, नवख्याला काही कळतही नाही. पंचमी जवळ आली की माती काढायची, ओंडके उचलायचे, हौद धुऊन भरायचा, त्यात रंग सोडायचा आणि मग आळीने धबाधब उड्या टाकायच्या. या रहाडीचा रंग केशरी, आणि तो उकळायचा मान जेजुरकरांच्या घराण्याचा. पेठच्या डोंगरातून पळसाच्या फुलांची पोती एसटीने यायची. पहिली उडीही तात्यांची, ती धर्मशाळेच्या ओसरीच्या कठड्यावरून. एरवी रस्ता ओलांडताना चारदा मागेपुढे करणारा हा माणूस त्या दिवशी पाण्यावर असा आपटायचा, की माडीच्या सज्ज्यात बसलेल्या बायका पदर सावरत मागे सरायच्या.

या वर्षी धर्मशाळा गेली. ट्रस्टने ती एका बिल्डरला विकली. दारावर नोटीस लागली तेव्हा लोकांनी ती वाचली आणि ‘चला, आळी सुधारेल’ असं म्हणून जो तो कामाला लागला. सगळ्यांना वाटलं होतं, सावकाश उतरवतील. कौलं, तुळया, नक्षीचे खांब एकेक करून खाली येतील, बघायला मजा येईल. आला तो जेसीबी. त्याने माडीच्या कमरेत पंजा घातला आणि दुपारच्या चहाच्या आत सज्जा जमिनीवर. मागची भिंत तर कुणी ढकलायच्या आधीच बसली. लोक मोबाइल वर धरून उभे होते. धुळीत शेवंती पांढरी की पिवळी ते ओळखू येईना. तात्या टपरीशेजारी टोपल्या धरून उभे होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले.

तेवढ्यात डंपरचा ड्रायव्हर आला. त्याने अगदी अदबीने विचारलं, “दादा, गाडी भरली. उरलेला माल इथं मोकळ्यात टाकू का? दोन दिवसांत उचलतो.”

आता खरं सांगायचं तर पंचमी सरली, की रहाड कुणाच्याच लक्षात नसते. घरात कुणी झोपलेलं असलं, तरी बाकीच्यांचं जसं चालू असतं, तसं आळीचं तिच्या अंगावरून चालू असतं. त्यात समोरचा माणूस दादा म्हणत होता.

तात्या म्हणाले, “टाका की.”

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. राडारोड्याचा ढीग समोरच्या घराच्या खिडकीला लागला. होळीच्या गोवऱ्या रचायला मंडळी चौकात जमली, तेव्हा कुठे एकाने कपाळाला हात लावला. रहाड ढिगाच्या बरोबर खाली होती.

बिल्डरचा साइटवरचा माणूस योगेश. सिन्नरकडचा, बोलायला गोड. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की नकाशात तर चौक रिकामा आहे, पार्किंगचा उतार तिथूनच जाणार आहे. रहाड असेल तर पंचमीला उघडून दाखवा, साहेब देवभोळे आहेत, मोडणार नाहीत. पण उघडली नाही, तर पंचमीनंतर काँक्रीट पडेल.

पलीकडच्या आळीतही पूर्वी एक रहाड होती. काही वर्षं ती उघडायची राहिली, मग वरून रस्ता झाला. आज ती नेमकी कुठे होती यावर तिथले म्हातारे हमरीतुमरीवर येतात. आपलीही तीच गत होणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. मग राग काढायला माणूस हवा म्हणून, हा ढीग इथे टाकू दिला तो शहाणा कोण, याची चौकशी सुरू झाली. कुणी त्याच्या अकलेचा उद्धार केला, कुणी खानदानाचा. तात्याही मान डोलवत होते. ‘कमाल आहे एकेकाची’ असंही ते पुटपुटले.

हातातली सुई न थांबवता सरुबाई म्हणाल्या, “कमाल कसली. माझ्याच घरातला आहे तो. सकाळी पोहे खाऊन आलाय.”

चौकात असा हशा झाला, की तात्यांना टोपलीखाली जाऊन बसावंसं वाटलं. पण हसण्याने एक झालं, राग निवळला. घरी जाताना तात्या एवढंच म्हणाले, की पणजोबापासून चालत आलेला मान आपल्या हातून बुडाला, तर या आळीत फुलं विकायला तोंड राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी योगेश चांगुलपणाने जेसीबीच घेऊन आला. तासाभरात साफ करून देतो म्हणाला. मशीन गुरगुरत ढिगावर चढू लागलं. खाली जुने ओंडके होते, त्यावर आधीच डोंगराएवढा भार होता. आळीतले सगळे ओरडले, पण पुढे कुणी होईना. तात्या उठले आणि पंज्यासमोर जाऊन उभे राहिले.

“नको,” ते म्हणाले. “हातानं काढू.”

तात्यांच्या तोंडून ‘नको’ ऐकून आळीलाच इतकं नवल वाटलं, की कुणाला वाद घालायचं सुचलं नाही. योगेशने मशीन मागे घ्यायला लावलं.

मग घमेली आली, टिकाव आले. दुकानं बंद करून माणसं आली, कॉलेजातल्या पोरी आल्या. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या नवसाबाई कंबर धरून एकेक वीट देत होत्या आणि प्रत्येक विटेगणिक तात्यांना टोमणा मारत होत्या, “घ्या तात्या, ही पण तुमचीच.” होळी झाली तरी काम सुरूच. ढिगातून नक्षीचे दगड निघाले, सज्ज्याचे तुकडे निघाले. धुळवडीच्या संध्याकाळी ओसरीची एक अख्खी फरशी निघाली. तात्यांनी ती पोत्याने पुसून बाजूला उभी केली.

शेवटी ओंडके दिसले. तीन मधोमध मोडून राडारोडा हौदात गेला होता, पण कडेचे दगड जागच्या जागी होते. दोराने घमेली वर ओढली. चार मोठे दगड काही केल्या हलेनात, ते तळाशी तसेच राहिले.

पंचमीला पळसाचं पाणी रहाडीत पडलं आणि आळीने शिट्ट्या मारल्या. तळाला दगड, म्हणून पाणी छातीइतकंच सोडलं होतं आणि उडी बंद. उडी मारायला कठडा तरी कुठे उरला होता. पहिला मान तात्यांचा, म्हणून त्यांच्यासाठी शिडी लावली. पाठ करून, एकेक पाय चाचपत, धोतर फुगवत ते खाली उतरू लागले, तेव्हा वरून सूचनांचा नुसता पाऊस पडला. नवसाबाईंनी तर ‘सुनबाई, उंबरठ्यावरचं माप ओलांडा’ म्हणून घेतलं. तात्यांनी खाली पोचून बुडी मारली आणि केशरी होऊन वर आले. त्यांच्यामागून अख्खी आळी उतरली. फोटो काढायला वाकलेल्या योगेशलाही कुणीतरी आत घेतलं. त्याचे साहेब दुपारी आले, गर्दी पाहिली, कडेच्या दगडाला हात लावून नमस्कार केला आणि उतार मागच्या बाजूने घ्यायला सांगून गेले. गाडीत बसेपर्यंत त्यांचाही सदरा केशरी झाला होता.

दोन दिवसांनी रहाड झाकायची वेळ आली आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. मोडलेल्या ओंडक्यांच्या जागी काय घालणार? धर्मशाळेच्या सागवानी तुळया पत्र्याआड रचून ठेवल्या होत्या. तात्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते. जन्मात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शेवटी ते योगेशजवळ गेले आणि म्हणाले, “त्यातल्या तीन लागतील.”

योगेशच्या कानामागचा रंग अजून गेला नव्हता. तो म्हणाला, “तात्या, त्या लाकडाचा सौदा झालाय. साहेबांना विचारावं लागेल.”

“विचारा की,” तात्या म्हणाले. “तोवर आम्ही उचलतो.”

योगेश फोन लावत राहिला. पलीकडून उचलला गेला, तेव्हा तिसऱ्या तुळईवर माती पडत होती.