स्वयंपाकघरातल्या चपला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. सांगावंसं वाटलं की मी उठून काहीतरी काम काढते — तुमचंही होतं का असं? आज मात्र बसून राहिले आहे.

माझं माहेर नरडाण्याजवळचं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी., भौतिकशास्त्र. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि त्याची मला लाज नाही. लग्न होऊन जळगावात पिंप्राळ्याला आले, तेव्हा सासूबाई — मी त्यांना आत्याबाई म्हणते — येईल त्या बाईला आधी माझं शिक्षण सांगायच्या, मग नाव. त्या सावद्याच्या, केळीच्या बागांतल्या. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली. पण भरीत! थंडीत त्या वांगी भाजायला बसल्या की धूर घरभर व्हायचा. निळसर, संथ. खिडकीतलं दुपारचं ऊन त्यात उतरायचं आणि आत्याबाई त्या उन्हात तरंगतायत असं वाटायचं. मी दारात उभी राहून नुसती बघायचे. खोकून खोकून त्यांचा जीव जायचा, तेही खरंच.

म्हणून चिमणी घेतली. दुकानाचा माणूस बसवायला येणार होता. मी म्हटलं, कशाला? मी बसवते. सगळ्यांसमोर म्हटलं. आणि बसवलीही — शेगडीपासूनची उंची मोजून, भिंतीला भोक पाडून, पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून पाइप बाहेरच्या बाजूला जरा उतरता ठेवून. सगळं पुस्तिकेबरहुकूम. शेवटी बोर्ड उघडला आणि दिसलं — दोनच वायरी. तिसरी, हिरवी, अर्थिंगची, नव्हतीच. जुनं घर. चिमणीच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट नाही. हे मला कुणी सांगायला हवं होतं? मी हेच शिकवणीच्या मुलांना आकृती काढून शिकवते.

नवी वायर ओढायची तर वायरमन बोलवायचा, कदाचित नव्या टाइल्स फोडायच्या. आणि बाहेर सगळे चिमणी सुरू व्हायची वाट बघत बसलेले. मी बोर्डाचे स्क्रू पुन्हा आवळले. बटण दाबलं. धूर सरळ वर गेला, झोपेत जावा तसा, एका मऊ घरघरीसोबत. आत्याबाईंनी चक्क टाळी वाजवली.

मग एकदा, भांडी विसळता विसळता, त्या म्हणाल्या, "हाताले मुंग्या येता व माय. ह्या धुराड्याले हात लागला का येता." चिमणीला त्या धुराडंच म्हणतात.

इथे आले की मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

मी म्हटलं — चिमणीचा काय संबंध, आत्याबाई? वय झालं की शिरा कमजोर होतात. फरशी गार असते. स्वयंपाकघरात रबरी चपला घालत जा.

चपलांनी मुंग्या कमी होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. का होणार, तेही.

कळतंय ना, मी काय केलं? या बाईने जन्मात कधी शेगडीपाशी चप्पल नेली नव्हती. पहिल्या दिवशी चपला घालून त्या आत आल्या, शेगडीला हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि मगच तवा ठेवला. शेजारच्या सुमनबाईंनी पाहिलंच. "काय व आक्का, चपला घालीसनी सयपाक? आता देव बी बूट घालीसनी जेवाले येईन!"

आत्याबाई वळल्यासुद्धा नाहीत. "माही सून शिकेल हाये. तुही हाये का?"

मी तिथेच कोथिंबीर निवडत होते. निवडत राहिले.

मुंग्या कमी झाल्या, पण पुरत्या गेल्या नाहीत, आणि त्या स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या. वांगं सोलता सोलता थांबायच्या, बोटं उघडायच्या, मिटायच्या, जणू ती दुसऱ्या कुणाची तरी आहेत. "माह्या हातायचं आता काही खरं नाही," म्हणत त्यांनी भरीत माझ्याकडे सोपवलं. त्या हिवाळ्यात भरीत मी केलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. त्या हात पदराखाली घेऊन माझ्या मागे बसल्या होत्या.

भाचीच्या लग्नाला त्या सावद्याला गेल्या, तेव्हा मी अर्थिंग करून घेतलं. एकही टाइल फुटली नाही. भिंतीवरून पट्टीतून वायर नेली, दुपारभराचं काम. नवऱ्याला म्हटलं, बटण बदललं. आत्याबाई परत आल्या, ओल्या हाताने चिमणी पुसली, आणि पुसत राहिल्या. मुंग्या नाहीत! मला जवळ ओढून म्हणाल्या, "तुह्या चपलायनं गुण आला व माय."

तेव्हा बोलता आलं असतं. आलं असतं ना? मी चहा ठेवला.

या थंडीत सुमनबाई आल्या. त्यांना साखरेचा त्रास आहे. ओट्याला टेकून म्हणाल्या, पायांना मुंग्या येतात, बधिरच पडतात, डॉक्टरला दाखवावं म्हणते. आत्याबाई वांगी भाजत होत्या — आता पुन्हा त्याच भाजतात. "डॉक्टर कशाले?" त्या म्हणाल्या. "माहे हात कशानं बरे झाले? घरात रबरी चपला घाल." मग माझ्याकडे वळून, "सांग व तिले. तू शिकेल हायेस."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. धूर वर जात होता, हळू, एखाद्या पडद्यासारखा.

मी म्हटलं, "हो. घाला. फरक पडतो."

सुमनबाई डॉक्टरकडे गेल्या नाहीत.