नीलगिरीचा हार

माझ्या गळ्यात पहिला हार पडला तो लग्नात. दुसरा राजूरच्या बाजारात. पहिला झेंडूचा होता. दुसरा नीलगिरीच्या अर्धवट जळलेल्या फांद्यांचा. जंगलखात्याच्या गार्डानं तो काथ्यानं बांधला आणि माझ्या डोक्यावरून खाली ओढला. तेवढ्यात पदर खाली आला, तो मला सावरूही दिला नाही.

बाजाराचा दिवस. दुष्काळाचा उन्हाळा, त्यामुळं विकायला फारसं कुणाकडं काही नव्हतं, पण माणसं होती. आमच्या वाडीची होती, खालच्या वाड्यांची होती. खात्याचा साहेब चहाच्या दुकानापुढं सावलीत खुर्चीवर बसला होता. बाजारात बाकी कुणाला बसायला पोतंसुद्धा नव्हतं, पण साहेबाला खुर्ची कुठंही मिळते. मी समोर उन्हात. माझ्या मागं माझा नवरा, हात जोडून.

"पाहुण्यांना आपण झाड लावल्यावर हार घालतो," साहेब दुकानदाराकडं बघत म्हणाला. "ही तर झाडं जाळणारी पाहुणी. हिचा सत्कार नको का करायला?"

लोक हसले. साहेब हसला म्हणून हसले. साहेब शिव्या देत नव्हता, आवाज चढवत नव्हता. चहा फुंकत फुंकत बोलत होता. त्याचंच मला जास्त लागलं. शिवी दिली असती तर मी निदान माणसाच्या रागाच्या लायकीची तरी ठरले असते.

"म्हण, मी जंगलाची चोर आहे."

मी मान खाली घातली.

"मोठ्यानं म्हण. त्या टोकाच्या मिठवाल्याला ऐकू गेलं पाहिजे."

मागून नवरा पुटपुटला, "म्हन ना. म्हन आन् सुटू."

मी म्हटलं. "मी जंगलाची चोर हाय." मिठवाल्यानं मान वर केली, म्हणजे ऐकू गेलं. घामात काजळी विरघळून छातीवरून खाली ओघळत होती. आणि तो वास. नाकात, घशात, डोळ्यांत. आजही कुणाला सर्दी झाली आणि रुमालावर नीलगिरीचं तेल टाकलं, की मी उठून बाहेर जाते.

मी काय जाळलं होतं ते सांगते.

आम्ही डोंगरातले कोळी. आमच्याकडं नुसतं बी टाकून पीक येत नाही. आधी राब भाजावा लागतो. शेताच्या एका तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या झाडाची वाळलेली टहाळ, म्हणजे पानांसकट छाटलेल्या फांद्या, त्यावर गवत, त्यावर माती. उन्हाळ्याच्या शेवटी तो पेटवायचा. राब भडकता कामा नये. तो धुमसला पाहिजे, चुलीवरच्या दुधासारखा, नजर ठेवून. जमीन आतपर्यंत भाजली की तणाचं बी मरतं, आणि पावसाळ्यात त्या तुकड्यावर नागलीची, भाताची रोपं जोमानं उठतात. तीच उपटून सगळ्या शेतात लावायची, ती आवणी. राब नाही तर रोप नाही. रोप नाही तर वर्षभर भाकर नाही. आमचं सगळं जगणं त्या ऐनाच्या फांदीवर टांगलेलं.

ऐन आम्ही कधी मुळातून तोडला नाही. माघात गडी माणूस वर चढणार, फांद्या छाटणार, शेंडा राखणार. बायांनी खाली भारे बांधायचे. या वर्षी हा ऐन, पुढच्या वर्षी तो. झाडाला पुन्हा पालवी फुटायला वेळ द्यायचा. बाईनं मात्र ऐनावर चढायचं नाही, चढली तर झाड वाळतं, असं माझी सासू सांगायची. मी तिला आत्या म्हणायची. मी विचारलं, "का वाळतं आत्या?" ती म्हणाली, "वाळतं, म्हंजे वाळतं." विषय संपला.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी वाडीमागचा डोंगर साफ झाला. खात्याला तिथं नीलगिरी लावायची होती. कागदाला लागते, खांबाला लागते, चार वर्षांत उभी राहते, असं गार्ड सांगायचा. ऐन, हिरडा, जांभूळ, उंबर, सगळं आडवं केलं. कुणी केलं? आम्हीच. मजुरीवर. माझ्या नवऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती आणि माझ्या डोक्यावर फांद्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा म्हणजे आम्ही. नंतर खड्डेही आम्हीच खणले आणि रोपंही आम्हीच लावली. सरळ रांगेत, दोरी धरून. नव्या नवरीचा उत्साह, मी त्या रोपांना हंड्यानं पाणी घातलं.

झाडं वाढली. लई वाढली. त्यांच्याखाली गवत उगवेना. गाईला चरायला सोडलं तर ती वास घेऊन परत फिरायची. पावसाळ्यात त्या उतारावरून आम्ही रानभाजी आणायचो, ती बंद झाली. उताराच्या पायथ्याला एक झिरा होता. वैशाखातसुद्धा त्यात हंडा बुडायचा. आता पौषातच वाटीनं पाणी भरायची पाळी आली. आत्या झिऱ्याच्या काठावर बसून वर रांगांकडं बघायची आणि म्हणायची, "ही झाडं न्हाईत पोरी. ही पानी प्यायला बसलेली पंगत हाय." तेव्हा मी हसले होते.

वाडीजवळचे ऐन गेले. उरले ते पलीकडच्या उतारावर. तिथं गार्डानं बंदी घातली. ऐनाच्या फांदीला हात लावला की कोयता जप्त. माझ्या नवऱ्याचा कोयता असाच गेला. मग दुष्काळ आला. घरातली नागली तळाला गेली, गुरं हाडांवर आली, शेणसुद्धा पुरेना. राब भाजायचा कशानं? नवरा गार्डाकडं गेला, मीही बरोबर गेले. गार्ड देशावरचा, आमच्याच वाडीत आमच्याच कोंबड्या खाऊन राहणारा.

तो म्हणाला, "ऐनाचं नाव काडायचं न्हाई. पाला पायजे ना? नीलगिरीचा न्या की. खाली ढीग पडलाय. कुत्रं इचारत न्हाई त्याला."

आम्ही नेला. पाला तो पाला, असं आम्हाला वाटलं. डोंगरात जन्मलेल्या माणसांनी ही चूक करावी, पण केली. घरात दाणा नसला की माणूस पाल्याची जात विचारत नाही. मी आणि आत्यानं भारेच्या भारे आणून ऐनाच्या टहाळीच्या जागी अंथरले. वर गवत, वर माती, नेहमीसारखं. आणि वारा पडल्याचं बघून मी काडी लावली.

तो राब धुमसला नाही. भडकला. त्या पानांत तेल असतं हे आम्हाला तेव्हा कळलं. निळी-पिवळी ज्वाळा डोक्याच्या वर गेली, माती उडाली, जळती पानं पाखरांसारखी वर उठली आणि बांध ओलांडून नीलगिरीखालच्या पाचोळ्यावर बसली. आम्ही धावलो. ओल्या घोंगड्यांनी झोडपलं. आत्याचे हात भाजले. वाडी सगळी आली. कडेची एक रांग जळाली, बाकी विझवली. आम्हीच विझवली. गार्ड आला तेव्हा धूर होता, आग नव्हती.

बाजारात साहेबानं गार्डाला विचारलं होतं, "पाला न्यायला तू सांगितलंस?"

गार्ड माझ्याकडं न बघता म्हणाला, "न्हाई साहेब. चोरून नेला ह्यांनी."

चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तोंड उघडणार तोच नवऱ्यानं मागून माझा दंड दाबला. मग हार आला.

घरी येताना तो हार मी काढला नाही. नवरा म्हणाला, "आता काड की." मी काढला नाही. घाट चढून, वाडीतून, सगळ्यांच्या दारांपुढून तसाच घेऊन आले. रडत नव्हते. लाज वाटत होती, पण त्या लाजेच्या खाली काहीतरी टणक लागत होतं. आत्यानं दारात बघितलं. भाजलेल्या हातांनी तिनं काथ्या सोडवला आणि हार चुलीत घातला. तिथंही तो तसाच भडकला. "बघ," ती म्हणाली, "भाकरसुदिक भाजायच्या कामाचा न्हाई."

पावसाळ्यात राबाच्या तुकड्यावर रोपं आली ती पिवळी, विरळ, तणात बुडालेली. जमीन भाजलीच नव्हती, नुसती वरून करपली होती. आवणीला रोपं पुरली नाहीत. निम्मं शेत मोकळं राहिलं. दुष्काळ सरला असं बाजारात लोक बोलत होते. आमच्या घरी तो त्या वर्षी जेवायला बसला. आम्ही कंद उकडून खाल्ले. माझं दूध आटलं. मुलगी अंगावर होती. ती जगली, पण कशी जगली ते मला विचारू नका.

मग माघ आला, आणि गार्ड वाडीत आला. पलीकडचा उतार साफ करायचा हुकूम झाला होता. तिथंही नीलगिरी. म्हणजे उरलेले ऐन. "कुऱ्हाडी घिऊन या सकाळी," तो म्हणाला. "मजुरी मिळंल. घरात दाना न्हाई, मला म्हाईत हाय." ते खरंच होतं. वाडीतले गडी तयार झाले. माझा नवराही झाला. त्याला मी दोष देत नाही. पोट पुढचा माघ बघत नाही, आजची संध्याकाळ बघतं.

पण मी बघत होते. हे ऐन गेले तर पुन्हा राब नाही. या वर्षी नाही, कधीच नाही. मग आम्ही कुणाच्या तरी शेतावर, कुणाच्या तरी फडावर. आणि माझ्या मुलीच्या गळ्यातही कुणीतरी काहीतरी बांधणार.

सकाळी गडी कुऱ्हाडी घेऊन गेले. मागून मी गेले, कमरेला आत्याचा जुना कोयता. पहिल्याच ऐनाखाली माझा नवरा उभा होता. मी त्याच्या बाजूनं गेले, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, आणि चढले. सालीनं गुडघे सोलले. भीती वाटत होती, पडण्याचीही आणि झाड वाळण्याचीही. पहिल्या खांदीवर बसले आणि खाली बघितलं. सगळे वर बघत होते. त्या बाजारानंतर पहिल्यांदाच माणसं मान वर करून माझ्याकडं बघत होती.

गार्ड ओरडला, "ए बाई, उतर खाली."

मी कोयता चालवला. टहाळ खाली पडली, त्याच्या पायाशी.

"आगं चोरी हाय ती. डोळ्यादेखत चोरी करती व्हय?"

"डोळ्यादेखत करती," मी म्हटलं. "मागल्या खेपेला तूच म्हनला, चोरून नेला म्हनून. आता बघून घे."

तो नवऱ्याकडं वळला. "तुजी बायको हाय. उतरव तिला, न्हाईतर घाल घाव बुंध्यावर."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत तेच होतं, बाजारातलं. "उतर," तो म्हणाला. "उतर आन् सुटू."

"तुमी सुटा," मी म्हटलं. "मला सुटायचं न्हाई."

त्यानं बुंध्याकडं एकदा बघितलं. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून घराकडं चालू लागला. घाव त्यानं घातला नाही, आणि माझ्या बाजूनं बोललाही नाही. खाली आत्या येऊन पोचली होती. मला वाटलं आता ती झाड वाळण्याचं बोलणार. तिनं वर बघितलं, खाली वाकली, आणि पडलेल्या टहाळीचा भारा बांधायला लागली. तिच्या हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. मग तिची जाऊ आली. मग दुसऱ्या बाया. एक पोरसवदा सून शेजारच्या ऐनावर चढली, मग तिसरी. वर बाई बसलेल्या झाडाला कुऱ्हाड कोण लावणार?

संध्याकाळी आम्हाला राजूरला नेलं. साहेब तोच. खुर्ची तीच असेल नाहीतर दुसरी. या वेळी चहा फुंकत नव्हता.

"म्हण, मी चोरी केली," तो म्हणाला.

मी मोठ्यानं म्हटलं. टोकाच्या मिठवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "टहाळ मी तोडली. ऐन आमचा हाय. उद्या बी चढनार."

हवालदारानं एक कानाखाली लावली. आम्हाला कोंडलं, खटला केला, तारखांना पायी चालवलं. दरम्यान पठारावरून मजूर आणून उताराचा खालचा भाग कापला. ती माणसंही आमच्यासारखीच उपाशी होती, त्यांना मी काय बोलू. तिथं आज नीलगिरी आहे, सरळ रांगेत. झिरा आटला तो आटलाच. वरचा भाग मात्र उभा राहिला, कारण तिथल्या झाडांवर दर माघात बाया होत्या.

मी ज्याच्यावर चढले तो ऐन वाळला नाही. आत्या मरेपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. नवराही त्या दिवसाबद्दल बोलत नाही, पण माघ लागला की कोयत्याला धार लावून उंबऱ्याशी ठेवतो.

आता माझे गुडघे दुखतात. मुलीला वर चढवते, मी खाली उभी राहते. परवा नवीन गार्ड आला. चांगलं बोलतो, मला मावशी म्हणतो. म्हणाला, "मावशी, मुलीला उतरवा. तिच्यावर उगाच केस होईल."

मी त्याला म्हटलं, "व्हऊ दे. तिला मी चढायला शिकवलंय. उतरायला न्हाई शिकवलं."