घोड्याचे मागचे पाय

मुकादमाने हयातभर लोकांची कपाटं आणि पलंग जिन्यांवरून चढवले-उतरवले. काम सुटलं, नाव चिकटून राहिलं. एक मतही राहिलं: जो अवयव कुरकुरतो, त्याला कामाला जुंपा.

त्याची नात चिमणी. नाव बारशाचं नव्हे, लाडाचं. आता ती नऊ वर्षांची, आणि सोफ्यावर बसली की आधी सोफा कुरकुरे; उठताना तिचे गुडघे. तरी शाळेच्या नाटकात तिला घोड्याचे मागचे पाय मिळाले, आणि पोर हवेत तरंगायला लागली. अडचण एवढीच की घोड्याने मध्येच खाली बसायचं होतं, आणि मग हात न टेकता उठायचं. महिन्याने नाटकाच्या बाई परीक्षा घेणार. जमलं नाही तर मागचे पाय दुसऱ्या कुणाचे.

"आजोबा, मला उठायला शिकवा."

"शिकवायचं काय त्यात? जिना आहे की!"

दुपारभर चढ-उतर झाली. मुकादम खालून ओरडत होता, "दम खा, पण थांबू नकोस!" संध्याकाळी चिमणीचा गुडघा टम्म सुजला.

"पोरगी आहे ती, बाबा, कपाट नव्हे," सून म्हणाली. मुकादमाने मान खाली घातली.

फिजिओथेरपीच्या बाईंनी गुडघा दाबून पाहिला. "जिना उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. हिचं वजन वयाच्या मानाने जास्त, मांड्या कच्च्या. दुखतं म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून वजन वाढतं. आधी सूज उतरू द्या. मग उंच खुर्चीवरून हळू उठ-बस आणि पाण्यात चालणं. उपाशी ठेवायचं नाही. गोड पेयं मात्र बंद. घरात सगळ्यांचीच."

"माझा चहा?"

"त्यातली साखरसुद्धा."

मुकादमाने फिका चहा एरंडेल प्यावं तसा गिळला, पण गिळला. खुर्चीची उठ-बस मात्र त्याने डोळ्यात तेल घालून करवून घेतली. धाडकन बसलं की बाद. खुर्ची हळूहळू बुटकी होत गेली, शेवटी नुसतं पायपुसणं उरलं.

मग चादरीखाली तालीम. पुढे मुकादम, मागे चिमणी. घोडा ऐटीत बसला.

"आजोबा, उठा की."

"उठतोय."

"कधी?"

"घोडा विचार करतोय!"

मागचे पाय उठले, पुढे आले आणि त्यांनी पुढच्या पायांना काखेत धरून उभं केलं. सून दारात पोट धरून हसत होती.

परीक्षेच्या दिवशी पुढचे पाय होती चिमणीच्या वर्गातली काडी, नावासारखीच बारीक पोर. घोडा बसला. काडी टुणकन उठली, मागचा भाग जमिनीवरच. बसलेला कुत्राच जणू! पोरं खिदळली. बघायला आलेल्या मुकादमाने बाकाची कड घट्ट धरली.

चादरीखाली एक पाऊल टेकलं. मांडी थरथरली. मग सगळा पार्श्वभाग, न घसरता, न घाई करता, वर आला.

नाटकाच्या बाईंनी टाळीच वाजवली. "खरा घोडा असाच उठतो! आधी पुढचे पाय, मग मागचे. नाटकातही असंच करा!"

"पुन्हा बसवा त्याला!" मुकादम बाकावर उभा राहून ओरडला. "पुन्हा उठवा!"

"आजोबा, खाली बसा. परीक्षा मी घेतेय," बाई म्हणाल्या.

घोड्याच्या शेपटीखालून आवाज आला, "बाई, मी तयार आहे!"