मोटारीचे दिवे आणि सोलं

नववीच्या वर्गाला मी तेव्हा अंतर्गोल आरसा शिकवत असे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायला सोपं जाईल.

श्रावणातली दुपार होती. एस.टी.च्या कंडक्टरने आंबोलीहून चिठ्ठी आणून दिली. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आठवडाभर अंथरुणावर होती. आतेभावाने लिहिलं होतं, ‘आईने अन्न सोडलं आहे. भावाला बघायचं म्हणते. आजच या.’ वडिलांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि आत धुतलेलं धोतर मागितलं.

त्या बाजूची शेवटची एस.टी. गेलेली. राहिली आमची जुनी मोटार. चालायची बरी, पण खाऱ्या हवेने तिच्या दिव्यांच्या काचा ताकाच्या पेल्यासारख्या झाल्या होत्या. आणि आंबोलीच्या घाटात श्रावणात भर दिवसाही दिवे लावावे लागतात.

“वरसून काची पूस,” वडील म्हणाले. “भितर हात घालू नको.”

मी पुसल्या. फरक नाही. ओल आत शिरली होती. तिथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी शिकलेला माणूस. गंजलेले स्क्रू अर्धा तास झगडून काढले आणि दोन्ही दिवे अंगणात मांडले. बल्बमागच्या, उजेड पुढे फेकणाऱ्या चकचकीत वाट्यांवर काळपट डाग पडले होते.

आमच्या घरात जे चकाकायला हवं, ते सोलं, म्हणजे आमसुलं, आणि चुलीतली राख लावून घासायचं. चतुर्थीआधी देवाची सगळी भांडी मीच घासायचो आणि आईकडून शाबासकी घ्यायचो. ओली सोलं दोन्ही वाट्यांना चोळली, मुरू दिली, वर राख घेतली आणि नारळाच्या काथ्याने घासायला बसलो.

बायको चहा घेऊन आली. “तुमी काय करतास? ती काय समई आसा?”

“विज्ञान मला शिकवू नकोस,” मी म्हणालो.

ती चहा ठेवून आत गेली. करडं पाणी ओघळत होतं. मला वाटलं, मळ निघतोय. पाणी ओतून पाहिलं, तर चकाकीच निघून गेली होती. तो वरून दिलेला पातळ मुलामा होता. खाली राहिला होता जुन्या डब्यासारखा पत्रा. एक तरी वाटी वाचावी, तर मी चुकाही जोडीने करतो.

दिवे परत बसवेपर्यंत चार वाजले. वडील पिशवी घेऊन उभेच होते. मी दिवे लावले. समोर गोठ्याची भिंत, दहा पावलांवर. उजेड तिथवर पोचला नाही. बल्ब आपल्या जागी पिवळे होऊन बसून राहिले. गावात दुसरी मोटार नव्हती.

वडिलांनी भिंतीकडे बघितलं.

“होतो तेवढो उजेड पुरलो असतो रे,” ते म्हणाले. मग टोपी काढून खुंटीला लावली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी पहिल्या एस.टी.ने निघालो. घाटात धुकं इतकं होतं की ड्रायव्हर पुढे वाकून चालवत होता. त्याच्या दिव्यांचे पांढरे पट्टे रस्त्यावर लांब पडत होते. वडील खिडकीतून नाही, त्या पट्ट्यांकडे बघत होते.

आत्याच्या अंगणात माणसं उभी होती. कुणी बसा म्हणालं नाही, तेव्हाच कळलं. पहाटे गेली.

आतेभाऊ पुढे आला. “मामा, काल वाट बघी होती. मोटार इली काय म्हणान दोनदा इचारल्यान.”

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच वडील म्हणाले, “मीच म्हटलंय, सकाळी जावया. माकाच काळोखात येवचां नाय होतां.”

आतेभाऊ त्यांच्याकडे बघत राहिला. ती नजर खरी माझ्या वाट्याची होती. त्यांनी ती उभ्या उभ्या घेतली आणि आत गेले. मी पायरीशी चपला काढत होतो. साध्या रबरी चपला, पण त्या काढायला मला फार वेळ लागला.